डेटा संपला की फोनला जागा सापडत नाही: चिप पाहून फोन कसा घ्यावा?

महालची_दवा
मंगळवार, रात्री 10:20

आमचं नागपूरच्या महाल भागात औषधांचं दुकान आहे. घरपोच औषधं द्यायला चार पोरं आहेत, चौघांनाही दुकानानेच फोन घेऊन दिलेत. दोन एका मॉडेलचे, दोन दुसऱ्या. किंमत जवळपास सारखी आणि दोन्ही खोक्यांवर "जीपीएस, ए-जीपीएस" असंच छापलेलं.

गेल्या आठवड्यात इतवारीतल्या एका आजींचं इन्सुलिन पोचायला पाऊण तास उशीर झाला. बर्फाच्या पिशवीत ठेवलेलं, बाहेर मे महिन्याचं ऊन. पोरगा आजींच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता, पण फोनमधला निळा ठिपका बाजूच्या गल्लीत. त्याआधी पाच मिनिटं तर ठिपका आलाच नव्हता. त्याचा डेटा पॅक चार दिवसांपूर्वी संपला होता. नकाशा त्याने उतरवून ठेवलेला, म्हणून तो निर्धास्त होता. नंतर दुसऱ्या मॉडेलवाल्या पोराला मी त्याच गल्लीत पाठवलं, डेटा बंद करायला लावला, तर त्याला मिनिटभरात जागा मिळाली.

आजींची मुलगी रागावली नाही. "तुमच्या भरवशावर होतो," एवढंच म्हणाली. ते काही मनातून जात नाही.

आता चौघांचे फोन बदलायचे म्हणतो. खोक्यावर सगळंच सारखं लिहिलेलं असताना चांगली चिप ओळखायची कशी? आणि हे "ए" म्हणजे नेमकं काय करतं?

फुटाळा_संध्याकाळ
मंगळवार, रात्री 10:41

जीपीएस इंटरनेटवरच चालतं ना? डेटा नाही तर लोकेशन येणार कुठून?

बेंचमार्क_79
मंगळवार, रात्री 11:35

नाही, आणि हा गैरसमज इतका पसरलेला आहे की जरा सविस्तर लिहितो. मी जमीन मोजणीच्या कामात आहे, रोजचा संबंध याच्याशीच.

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटरवरून सतत सांगत असतात: आत्ता किती वाजले आणि मी कुठे आहे. फोन फक्त ऐकतो. उपग्रहाकडे काही पाठवत नाही, त्याला इंटरनेट लागत नाही. सिग्नल किती उशिराने पोचला त्यावरून अंतर निघतं. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे 300 मीटरची चूक, आणि फोनमधलं घड्याळ साध्या क्वार्ट्झचं. म्हणून तीन उपग्रह पुरत नाहीत. चौथा लागतो तो फोनच्या घड्याळाची चूक काढायला.

अडचण आहे ती उपग्रहाच्या बोलण्याच्या गतीची. सेकंदाला फक्त 50 बिट. स्वतःच्या कक्षेचा नेमका तपशील, ज्याला एफेमेरिस म्हणतात, तो दर 30 सेकंदांनी पुन्हा सांगितला जातो आणि तो सांगायलाच 18 सेकंद लागतात. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ पंचांग पूर्ण यायला साडेबारा मिनिटं. उघड्या मैदानात हे जमून जातं. आता इतवारीची गल्ली आठवा. वर दोन हात आकाश, पोरगा चालतोय, मध्ये एखादा छज्जा आला. संदेशाचा एक तुकडा निसटला की तो पुन्हा येईपर्यंत थांबा. पुढच्या वेळी दुसरा तुकडा निसटतो. पाच मिनिटं अशी जातात.

"ए" म्हणजे असिस्टेड, मदत मिळालेलं. तोच कक्षेचा तपशील, अंदाजे वेळ आणि जवळच्या टॉवरवरून अंदाजे जागा, हे सगळं फोन नेटवर्कवरून दोन-चार सेकंदांत घेतो. आकाशातून अक्षर-अक्षर उतरवून घ्यायची गरज उरत नाही. याचा आणखी एक फायदा फारसा कोणी सांगत नाही: संदेश वाचायला जेवढा सिग्नल लागतो, त्याहून पुष्कळ क्षीण सिग्नलवर नुसतं अंतर मोजता येतं. म्हणजे मदत मिळालेला फोन अशा ठिकाणीही लागतो (त्याला आपली जागा सापडते), जिथे बिनमदतीचा लागतच नाही.

दादा, एक सांगू? तुमची तुलना त्या पहिल्या फोनवर अन्याय करणारी आहे. दुसऱ्या पोराने डेटा तिथे उभा राहून बंद केला. त्याच्या फोनमध्ये मदतीचा साठा ताजा होता. पहिल्याचा चार दिवसांचा शिळा. क्वालकॉमच्या चिपमध्ये एक्स्ट्रा नावाची सोय असते, बाकीच्यांच्याही आपापल्या आहेत: पुढच्या काही दिवसांच्या कक्षांचा अंदाज एका छोट्या फाइलमध्ये उतरवून ठेवायचा. दिवस जातात तसा तो अंदाज बिघडतो आणि मग फोन पुन्हा आकाशावर अवलंबून.

महालची_दवा
मंगळवार, रात्री 11:52

हे डोक्यातच आलं नव्हतं. पोराने सांगितलं होतं की पॅक संपल्यावर पहिले दोन दिवस काही त्रास नव्हता. मी त्याचं ऐकलं नाही, उलट त्यालाच बोललो. उद्या सकाळी त्याच्याशी बोलतो.

जुना_टॉवर
बुधवार, सकाळी 6:50

टेलिकॉममध्ये नोकरी झाली, आता निवृत्त आहे. बेंचमार्क यांनी बरोबर लिहिलंय, त्यात नेटवर्कच्या बाजूचं थोडं घालतो.

ही मदत बहुतेक फोनांत एसयूपीएल नावाच्या पद्धतीने येते. फोन साध्या डेटावरूनच एका सर्व्हरला विचारतो, "मी अमुक टॉवरखाली आहे, माझ्या डोक्यावर कोण आहे?" आणि सर्व्हर उत्तर देतो. त्याला काही किलोबाइट लागतात, पॅकवर काही भार पडत नाही. वायफायवरूनही चालतं. त्यामुळे पोरांना दुकानातून निघताना दुकानाच्या वायफायवर एक मिनिट नकाशा उघडायला सांगा. पॅक संपलेला असला तरी पुढचे काही तास सोपे जातील.

दुसरं, जाहिराती अडवणारी अॅप्स आणि खासगी डीएनएस, म्हणजे सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी फोनमधली सेटिंग. मी तीन-चार फोन असे पाहिलेत की ज्यांत त्या मदतीच्या सर्व्हरचा रस्ताच अडवलेला होता. डेटा भरपूर, पण मदत शून्य. आधी ते काढून पाहा.

आणि टॉवरवरून मिळणारी जागा म्हणजे जीपीएस नव्हे. शहरात ती काही शे मीटरने चुकते, गावाकडे काही किलोमीटरने. घरात बसल्या बसल्या फोन जो मोठा फिकट गोल दाखवतो ना, तो हाच. लोक त्यालाच जीपीएस समजतात आणि त्यावरून फोन चांगला की वाईट ते ठरवतात.

संत्राबाग
बुधवार, दुपारी 1:15

मी काटोलकडचा. आमच्या बागेत रेंज येतच नाही. पिकाची नोंद करायले शेतात उभं राहून फोटो काढा लागते, अन् फोन मले शेजाऱ्याच्या वावरात दाखवते. दहा मिनिटं उभा राहून राहिलो तरी ठिपका सरकून राहते. पावसाळ्यात तर जास्तच. ढगानं होते का हे? भावाचा फोन त्याच बांधावर बरोबर दाखवते.

बेंचमार्क_79
बुधवार, दुपारी 2:40

संत्राबाग भाऊ, ढगाने नाही होत. या लहरींना ढग आणि पाऊस जवळपास पारदर्शक आहेत. त्रास होतो तो ओल्या पानांचा. पावसाळ्यात बाग गच्च भरलेली आणि पानापानावर पाणी. आधीच क्षीण सिग्नल त्यात आणखी शोषला जातो. झाडाखाली उभे न राहता धुऱ्यावर, मोकळ्या आकाशाखाली या, फोन छातीशी न धरता हात लांब करून आडवा धरा आणि दोन मिनिटं हलू नका. निघण्याआधी गावात, रेंज असेल तिथे, नकाशा उघडून जागा येऊ द्या म्हणजे ताजा तपशील सोबत येईल.

एक मात्र लक्षात ठेवा. गाव नकाशे जुन्या कागदांवरून संगणकात आणलेले आहेत. बांधाची रेघच दोन-चार मीटर इकडेतिकडे असेल तर फोन बरोबर असूनही तुम्ही शेजाऱ्याकडे दिसाल. पण भावाचा फोन बरोबर दाखवतोय म्हटल्यावर तुमच्या बाबतीत फोनच बघायला हवा.

सिल्लारी_गेट
बुधवार, रात्री 8:05

पेंचच्या जंगलात गस्तीला असतो. आमच्या वाटा एम-स्ट्राइप्स या गस्तीच्या अॅपमध्ये नोंदल्या जातात, त्यामुळे फोन लागला नाही तर दिवसभराची पायपीट कागदावर उरत नाही. आत रेंज नाहीच. सगळे मनसरला चहाला थांबलो की तिथेच लोकेशन चालू करून ठेवतो, मग आत जातो. उन्हाळ्यात सागाची पानं झडलेली असतात तेव्हा कुठलाही फोन लागतो. पावसाळ्यात आमच्यातले दोनच फोन टिकतात, आणि ते महागडे नाहीत.

बुर्डीचं_टेबल
बुधवार, रात्री 9:30

मी सीताबर्डीत मोबाइल दुरुस्ती करते, अकरा वर्षं झाली. चिपच्या गप्पा वाचून राहिले, पण अँटेनाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

जीपीएसची अँटेना बहुतेक फोनांत वरच्या बाजूला असते. प्लॅस्टिकच्या आतल्या फ्रेमवर तांब्याच्या रंगाची बारीक पट्टी, नाहीतर धातूच्या कडेचाच एक तुकडा. ती बोर्डाला सोल्डर केलेली नसते. बोर्डावर ज्वारीच्या दाण्याएवढी सोनेरी स्प्रिंग असते आणि फ्रेम स्क्रूने दाबली की पट्टी त्या स्प्रिंगवर टेकते. एवढाच संबंध. फोन पडला, मागचं पॅनल बदललं, उघडताना स्प्रिंग चेपली किंवा वरच्या कोपऱ्यातला एक स्क्रू परत लावलाच नाही, की कॉल चालतात, वायफाय चालतं आणि जीपीएस अर्धमेलं होतं. गिऱ्हाईक म्हणतं चिप गेली. माझ्या टेबलावर चिप खरंच गेलेली फार क्वचित आली.

आणि धातूची कव्हरं, मागे लावायची चुंबकाची रिंग, गाडीच्या होल्डरची लोखंडी पट्टी, हे आधी काढून बघा.

दादा, तुमच्या त्या हळू फोनचं पॅनल कधी बदललंय का?

महालची_दवा
बुधवार, रात्री 9:44

हो ताई. दिवाळीत गाडीवरून पडला होता, मागचं पॅनल आणि स्क्रीन दोन्ही बदललं. दुसऱ्या पोराचा त्याच मॉडेलचा फोन कधीच उघडलेला नाही.

बेंचमार्क_79
बुधवार, रात्री 10:10

मग आता मोजूनच बघा. उपग्रह दाखवणारं कुठलंही मोफत अॅप घ्या, जीपीएसटेस्ट चालेल. चारही फोन कस्तुरचंद पार्कच्या मधोमध, झाडांपासून लांब, शेजारी-शेजारी पण हातभर अंतराने ठेवा. अॅपमध्ये मदतीचा साठा पुसायची सोय आहे, ती वापरा आणि फोन विमान मोडमध्ये टाका. सगळे सारख्याच उपाशी पोटी सुरू होऊ देत. मग पाहायच्या गोष्टी: पहिली जागा यायला लागलेला वेळ आणि एकाच उपग्रहाचा प्रत्येक फोनवरचा सिग्नल. तो डीबी-हर्ट्झ या मापात दिसतो, आकडा मोठा तितका सिग्नल स्पष्ट. मोकळ्यावर चांगल्या फोनला वरचे उपग्रह 40 च्या आसपास दिसले पाहिजेत. 10 चा फरक म्हणजे दहापट फरक, हे विसरू नका. "किती उपग्रह दिसले" या आकड्याला भुलू नका. 30 कुजबुजणारे उपग्रह 10 स्पष्ट बोलणाऱ्यांपेक्षा बरे असतीलच असं नाही.

झिरो माइल, म्हणजे जुन्या सर्वेक्षणाचा दगड, जवळच आहे म्हणून कोणी तिथल्या दगडाचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरून काढून त्याच्याशी ताडू नका. जुन्या सर्वेक्षणाचा पाया जॉर्ज एव्हरेस्टने मांडलेला पृथ्वीचा आकार, जीपीएसचा डब्ल्यूजीएस 84 नावाचा वेगळा आकार. दोघांचे आकडे सरळ जुळत नाहीत.

महालची_दवा
शुक्रवार, सकाळी 9:15

काल पहाटे साडेपाचला चौघं पोरं आणि मी कस्तुरचंद पार्कवर. वहीत लिहिलेलं जसंच्या तसं देतो.

उपाशी पोटी, विमान मोड: चांगल्या मॉडेलचे दोन्ही फोन 38 आणि 41 सेकंदांत लागले. दुसऱ्या मॉडेलचा न उघडलेला फोन 1 मिनिट 10 सेकंदांत. पॅनल बदललेला 3 मिनिटं 25 सेकंदांत. डोक्यावरच्या एका उपग्रहाचा सिग्नल त्याच मिनिटाला चांगल्या फोनांवर 42 आणि 41, न उघडलेल्यावर 36, पॅनल बदललेल्यावर 27.

मग डेटा चालू करून पुन्हा साठा पुसला. चारही फोन दहा सेकंदांच्या आत लागले. नेटवर्कची मदत मिळाली की कोण चांगला आणि कोण वाईट हे कळेनासंच होतं. गेलं वर्षभर पॅक भरलेले होते म्हणून हा दोष आम्हाला दिसलाच नाही.

तिथून सरळ इतवारीत, आजींच्या गल्लीत. डेटा चालूच ठेवला. जागा सगळ्यांना लगेच मिळाली, पण 27 वाल्याचा ठिपका याही वेळी बाजूच्या गल्लीत. खरं सांगायचं तर चांगल्या फोनांचाही मधून मधून समोरच्या घरांत जात होता. गल्लीत पुढे-मागे मात्र सगळे जवळपास बरोबर होते. चूक डावी-उजवीकडेच का होते?

बेंचमार्क_79
शुक्रवार, सकाळी 11:20

फार नेमकं टिपलंत. गल्लीत आकाशाची फक्त एक लांब पट्टी दिसते, गल्लीच्याच दिशेची. उपग्रह त्या पट्टीतले, पुढचे आणि मागचे. म्हणून पुढे-मागे जागा पक्की बसते. डाव्या-उजव्या बाजूचे उपग्रह घरांआड, त्यांचा सिग्नल येतो तो समोरच्या भिंतीवर आपटून, लांबचा रस्ता घेऊन. फोनला वाटतं उपग्रह तेवढा लांब आहे, आणि ठिपका आडवा सरकतो. मोजणीच्या यंत्राची अँटेना असा उलटलेला सिग्नल बऱ्यापैकी नाकारते. फोनच्या चिमुकल्या पट्टीला ते जमत नाही. नेटवर्कवरून येणारा कक्षेचा तपशील यात उपयोगी पडत नाही.

इथे खरी चिप कामाला येते. जुना नागरी सिग्नल एल1, 1575.42 मेगाहर्ट्झवर. त्याच्या सांकेतिक मालिकेतला एकेक ठोका अंतरात मोजला तर 293 मीटर लांब. नवा एल5, 1176.45 मेगाहर्ट्झवर, त्याचा ठोका 29 मीटर. बारीक खुणांची पट्टी असली की सरळ आलेला आणि भिंतीवरून आलेला सिग्नल वेगळे काढणं सोपं जातं. दोन्ही ऐकणारा पहिला फोन 2018 मध्ये आला, शाओमीचा मी 8, ब्रॉडकॉमच्या चिपचा. आता मधल्या किमतीतही असे फोन मिळतात. खोक्यावर "ड्युअल फ्रिक्वेन्सी" किंवा "एल1+एल5" लिहिलेलं शोधा, आणि दुकानातून बाहेर येऊन अॅपमध्ये एल5 च्या ओळी खरंच येतात का ते बघा.

नागपूरकरांसाठी दोन फ्रिक्वेन्सींचा आणखी एक फायदा. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, एक दाट पट्टा असतो, त्याची उत्तरेकडची बाजू मध्य भारतावरून जाते. तिथे सिग्नल रेंगाळतो, आणि एकाच फ्रिक्वेन्सीच्या फोनला ते पूर्ण कळत नाही. दोन असल्या की दोघांच्या उशिरातल्या फरकावरून चूक काढता येते. विमानांसाठी हीच दुरुस्ती गगन प्रणाली करते, आणि तिच्या 15 संदर्भ केंद्रांतलं एक आपल्या नागपुरात आहे.

फुटाळा_संध्याकाळ
शुक्रवार, दुपारी 12:05

नाविकचं काय? आपले उपग्रह असताना जीपीएसवर का राहायचं?

बेंचमार्क_79
शुक्रवार, दुपारी 1:30

मलाही मनापासून वाटतं की नाविक वाढावं. पहिला उपग्रह 1 जुलै 2013 ला गेला. आपल्यासाठी त्याची रचना सुरेख आहे: 83 अंश पूर्वेची भूस्थिर उपग्रहाची जागा नागपूरहून जवळपास दक्षिणेला, क्षितिजापासून 65 अंश उंच, दिवसभर तिथेच. पूर्व-पश्चिम गल्लीतही असा उपग्रह घराआड जायची शक्यता कमी. पण काही उपग्रहांची अणुघड्याळं बंद पडली, आणि जानेवारी 2025 मध्ये सोडलेला नाविकचा नवा उपग्रह एनव्हीएस-02 ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. त्यामुळे नुसत्या नाविकवर आज विसंबता येत नाही. जीपीएस आणि रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बेइदू यांच्या जोडीला ते मोलाचं. शिवाय नाविकही एल5 वर बोलतं. म्हणजे नाविक ऐकणारा फोन बहुतेक वेळा एल5 ऐकणारा निघतो. फोन घेताना ही सोपी खूण आहे.

जुना_टॉवर
शुक्रवार, दुपारी 4:20

वर्धा रोडच्या डबलडेकर पुलाखाली मात्र कुठल्याही चिपकडून चमत्कार मागू नका. वर मेट्रो, मध्ये उड्डाणपूल, खाली आपण. आकाश फक्त बाजूंनी. पुलावरची आणि पुलाखालची गाडी नकाशावर एकाच बिंदूत, आणि उंचीची चूक आडव्या चुकीपेक्षा बहुतेक वेळा मोठी, कारण जमिनीखालून कोणी उपग्रह बोलत नाही. पोरांना तिथे पाट्या बघायला सांगा.

महालची_दवा
रविवार, दुपारी 12:40

काल बुर्डीच्या ताईंकडे फोन नेला. वरच्या कोपऱ्यातला एक स्क्रू नव्हताच आणि स्प्रिंग पूर्ण चेपलेली. त्यांनी चिमट्याने ती उचलली, स्क्रू लावला, वीस मिनिटांचं काम. संध्याकाळी पार्कवर तोच फोन 27 वरून 35 वर आला, म्हणजे त्याच्या न उघडलेल्या जोडीदाराच्या बरोबरीला.

चारही फोन बदलायचा विचार सोडला. एल1+एल5 वाला एकच घेतला, तो इतवारी-महालच्या फेरीला. आज सकाळी आजींकडे इन्सुलिन घेऊन मी स्वतः गेलो, फोन हातात धरून. ठिपका एकदा समोरच्या ओट्यावर गेला आणि परत गल्लीत आला, दारापर्यंत तिथेच राहिला. निघताना पोरं आता दुकानाच्या वायफायवर नकाशा उघडतात. पॅकच्या तारखा मी काउंटरमागे भिंतीवर लिहून ठेवल्यात.

ज्या पोराला बोललो होतो, त्याची माफी मागितली.

संत्राबाग भाऊ, पुढच्या रविवारी काटोलला येणं आहे. हा फोन आणि वही सोबत आणतो. तुमचा, भावाचा आणि हा, तिन्ही धुऱ्यावर ठेवून पाहू.

संत्राबाग
रविवार, दुपारी 1:05

याच भाऊ. माह्या फोनचंही पॅनल मागच्या पोळ्याले बदललं होतं, आता आठवलं. सकाळी लवकर याजा, ऊन चढायच्या आत.